राखून ठेवलेली खोली

४ जानेवारी

चि. शेंडेफळास आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तीन वर्षांनी आलं म्हणून आधी देवापुढे ठेवलं, हात जोडले आणि मग फोडलं. फोडल्यावर वाटलं, तसंच ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

तू कशी आहेस, कंबर अजून दुखते का, यातलं एक अक्षर नाही. बाबांच्या डोळ्याचं काय झालं, तेही विचारलं नाहीस. सरळ मुद्द्याला हात घातलास. आतली खोली लग्न झाल्यापासून आमच्यासाठी राखून ठेवली आहे म्हणतेस. त्या खोलीपायी मूल होऊ दिलं नाही म्हणतेस, कारण आम्ही आणि मूल, सगळे दोन खोल्यांत मावणार नाही आणि नोकरी सांभाळून म्हातारी माणसं आणि तान्हं बाळ, दोन्ही तुझ्या एकटीच्या हातून निभणार नाही. आणि आता डॉक्टरीण म्हणते, या वर्षी मनावर घ्या, नाहीतर विषय सोडा. "तुम्ही येणार असाल तर तसं सांग. नसाल तर त्या खोलीत पाळणा बांधते. हो की नाही, एवढंच कळव."

बसस्टँडच्या खिडकीत बसून दिवसभर लोकांना जागा आहे, जागा नाही असं सांगतेस ना, त्याचा हा परिणाम. तुला वाटतं, आईनेही खिडकीतून हात घालून तसंच उत्तर द्यावं.

रागाच्या भरात तू एकदा म्हणाली होतीस, मला कशाला जन्माला घातलंत ते मला माहीत आहे. काय माहीत आहे तुला? नीट सांगते, म्हणजे पुन्हा तोंड वर करून बोलणार नाहीस.

माझ्या सासूला एकच मुलगा, म्हणजे तुझे बाबा. शेवटची काही वर्षं ती आमच्याकडे पुढच्या खोलीत होती, बाबांच्या शिवणाच्या मशीनमागे. तिचं मी सगळं केलं. त्यात कुणी बोट दाखवू शकणार नाही. अंथरूण धुतलं, केस विंचरले, औषध चुकवलं नाही. पण माझ्या हातातून कप घेताना ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची. आज सूनबाईचं कसं काय आहे ते वाचायची आणि मगच चहाला तोंड लावायची. मी काही बोलले तर गप्प. नाही बोलले तर जास्तच गप्प. दुसरीकडे जाते म्हणायची सोयच नव्हती, कारण जायला दुसरं दार नव्हतं. ते बघून मी मनाशी ठरवलं, आपल्याला दोन दारं हवीत.

दादा तेव्हा शाळेत जायला लागला होता. बाबांचं म्हणणं, एक आहे तो पुरे, दुकान लहान आहे. मी म्हटलं, "तुम्हीच ना गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला आतल्या बाजूने एक जादा बटण शिवून देता? मग?" ते हसले आणि हरले. तू झालीस. मुलगी झाली म्हणून लोकांनी तोंडं वाकडी केली. मी नाही केलं. मी म्हटलं, मुलगी तर मुलगी, लेक जास्त माया करते. तेव्हापासून आजवर तुझ्यात आणि दादात मी डावं-उजवं केलेलं नाही. घासातला घास मोजून दिला आहे.

आणि तू त्या बटणाची गोष्ट बाबांकडून ऐकलीस आणि वर्षानुवर्षं तेवढीच धरून बसलीस.

आता खोलीचं. तीन वर्षांपूर्वी तू न विचारता टेम्पो घेऊन दारात उभी राहिलीस. लोक बघायला लागले. असं कुणी आईबापांना उचलून नेतं का? ते काय कपाट आहेत? तेव्हा आम्ही आलो नाही, त्याचा तू राग धरलास. तो तुझा प्रश्न.

बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. ते होऊ दे. तोवर जरा थांब. मी नाही म्हणत नाही, थांब म्हणते.

तुझी आई


९ मार्च

चि. शेंडेफळास,

तू मला न विचारता दादाला फोन केलास. आठ-दहा वर्षांत भावाशी धड दोन शब्द बोलली नाहीस, आणि बोललीस ती हे बोललीस.

रविवारी सकाळी दोघं आले. वहिनीने चपला दाराशी जोडीने लावून ठेवल्या, तेव्हाच मी ओळखलं की ही भांडायला आली आहे. एरवी ती चपला भिरकावते.

दादा मीटर बघायला आल्यासारखा दारातच उभा राहिला. पाण्याचे मीटर वाचून वाचून त्याला तशी सवयच लागली आहे, कुणाच्या घरात बसत नाही. म्हणाला, "आई, तू धाकटीला सांगितलं होतंस, शेवटी आम्ही तुझ्याकडेच?"

"सांगितलं असेल."

"आणि मला काय सांगितलं होतंस?"

"तुलाही तेच सांगितलं असेल. दोघंही माझीच आहात."

"मला म्हणालीस, हे धाकटीला कळू देऊ नकोस, तिला वाईट वाटेल."

"वाटलंच असतं."

"आणि तिला म्हणालीस, दादाला कळू देऊ नकोस!"

"तुलाही वाईट वाटलं असतं. यात माझं काय चुकलं?"

मग वहिनीने सुरुवात केली. तिचा आवाज चढत नाही, उलट खाली खाली जातो, म्हणून जास्त लागतो. म्हणाली, "आई, छकुलीच्या पाठीवर मला दुसरं हवं होतं. किती रडले ते तुमच्या मुलाला विचारा. हे म्हणायचे, आईबाबा आपल्याकडेच येणार, एका पगारात किती माणसं ओढू? एकच बस. मी मन मारलं. तुमच्या खाटेची जागा राहावी म्हणून मी माझं मूल होऊ दिलं नाही. तिकडे तुमच्या लेकीने तर एकही होऊ दिलं नाही. आणि तुम्ही ती एकच खाट दोन घरी सांगून ठेवलीत! शिंप्याच्या घरात एकच कापड दोन गिऱ्हाइकांना?"

बाबा कोपऱ्यात डोळ्याला हिरवी पट्टी लावून, हाताने चाचपत बटणं निवडत बसले होते. ते म्हणाले, "अगं, कापलंय कुठे अजून? तागा तसाच आहे." त्यांना वाटलं, सगळे हसतील. कुणी हसलं नाही. स्वतःच थोडं हसले आणि पुन्हा बटणं निवडायला लागले.

आता मी तुला विचारते, मी खोटं कुणाशी बोलले? दोघांनाही खरंच सांगितलं, कारण दोघांपैकी कुणाकडेही जावं लागलं असतं. माणसाने पुढचा विचार करू नये का? मी घरात काडेपेटीसुद्धा एकच ठेवत नाही. एक ओली झाली तर काय करायचं? आणि तुम्हाला मुलं होऊ देऊ नका, असं माझ्या तोंडून कधी निघालं होतं? तुमचं तुम्ही ठरवलंत. लग्नानंतर तू म्हणालीस की आम्ही मूल होऊ देणार नाही, पुढे तुमचं बघायचं आहे. तेव्हा मी गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं नव्हे. त्या संध्याकाळी देवाजवळ तुपाचा दिवा लावला होता, तो काही त्यासाठी नव्हता. बाबांची खोकल्याची उबळ थांबली होती म्हणून लावला होता. तू तेव्हा त्या दिव्याकडे बघत होतीस, मला आठवतं.

जाताना दादा म्हणाला, "मग आता तिच्याकडेच जा. आमच्याकडची खाट उचलली असं समज."

तुला पाहिजे होतं ते झालं. तर घे तुझं उत्तर. हो, येतो. डोळ्याची पट्टी निघाली, दुकानाची आवराआवर झाली की दोघंही येतो. खोली राहू दे. आणि पाळण्याचं मनातून काढून टाक. या वयात बाळंतपण म्हणजे जिवाशी खेळ. मी दोन काढली आहेत, मला विचार. मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते. कसली, ते देवाला माहीत आहे.

तुझी आई


२० जुलै

चि. शेंडेफळास,

पाकिटावरचा पत्ता बघून तू कपाळाला आठ्या घातल्या असशील. त्या मला इथून दिसतात. हो, आम्ही दादाकडे आहोत. यात लपवण्यासारखं काही नाही, म्हणूनच पत्ता खरा लिहिला.

झालं असं की बाबा दुकान आवरताना पडले. मशीनला कुणी गिऱ्हाईक मिळेना, म्हणून ते ती दोरीने बांधून फळीवर चढवायला बघत होते, एका डोळ्याने. खुब्याचं हाड मोडलं. शेजारणीने दादाला फोन केला. दादा धावत आला. मार्चमधला राग दाराबाहेर ठेवून आला म्हण. बापाला पाठीवर घेऊन जिना उतरला. बाबा पाठीवरून विचारतात, "जड होतोय का रे?" तो म्हणाला, "होताय. बोलू नका." दवाखान्यातून थेट त्याच्या घरीच नेलं. तशा माणसाला तुझ्याकडे आठ तासांच्या प्रवासात कसं आणणार होते मी? तूच सांग.

दोन खोल्यांमधल्या अरुंद बोळात, खिडकीपाशी त्यांची खाट टाकली आहे. मी खाली सतरंजीवर. वहिनी सगळं करते. डबा, औषध, भांडं, कशात कसूर नाही. एक शब्द बोलत नाही. सकाळी तिचं मन कसं आहे ते मी आतून येणाऱ्या पातेल्याच्या आवाजावरून ओळखते आणि मग ठरवते, पाणी आता मागावं की थोड्या वेळाने.

परवा छकुलीचा अभ्यास चालला होता. मध्येच वही मिटून म्हणते, "आजी, तुम्ही आणि आजोबा बाबांकडे आलात. मग आई-बाबा म्हातारे झाल्यावर माझ्याकडे. लग्न झालं की त्याचेही आई-बाबा आमच्याकडे. चार झाले. आत्याला कुणी नाही, म्हणजे आत्याही माझ्याकडे. आणि काका. सहा. मी एकटीच?" मी म्हटलं, "अभ्यास कर." ती म्हणाली, "मला नकोच लग्न. म्हणजे कुणीच नको." स्वयंपाकघरातून वहिनी हसली. आम्ही आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली, आणि असं हसली की बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

रात्री ते मला म्हणाले, "तू धाकटीला कळवलंस ना? आता आपलं येणं होत नाही म्हणून?"

"कळवते."

"अगं, तिकडे ती ताटकळली असेल. गिऱ्हाइकाला असं झुलवत ठेवू नये. होत नसेल तर कापड परत करावं, म्हणजे त्याला दुसऱ्या शिंप्याकडे जाता येतं."

"ती गिऱ्हाईक आहे का? पोटची पोर आहे."

"म्हणूनच सांगतो."

कळवते म्हटलं. पण मी हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. तू विचारतेस, अजून किती थांबू? मी काय ज्योतिषी आहे? वहिनीचं आज एक, उद्या दुसरं. दादा तिच्या ताटाखालचं मांजर. त्यातून बाबा पुन्हा चालायला लागले तर आम्ही येऊही. म्हणून म्हणते, खोली तशीच ठेव. इतकी वर्षं ठेवलीस, आणखी थोडे दिवस ठेवलीस तर काय बिघडतं?

तुझी आई


२ नोव्हेंबर

चि. शेंडेफळास,

तू बाबांना पोचवायला आलीस आणि तिसऱ्या दिवशी गेलीससुद्धा. त्यांचे सदरे घडी करून ठेवलेस, शिवताना बोटात घालायचं त्यांचं अंगुस्तान मागून घेतलंस आणि माझ्याशी एकच वाक्य बोललीस, "आई, जेवून घे." परक्या बाईलाही माणूस याहून जास्त बोलतं.

तू गाडीची वेळ बघायला गेली होतीस तेव्हा जावई मागच्या नळावर हात धूत उभे होते. मी टॉवेल द्यायला गेले. सहज विचारलं, "डॉक्टरीण काय म्हणते?"

ते बराच वेळ बोटं चोळत राहिले. गॅरेजमधल्या माणसाचे हात, त्यांना सवयच असेल. मग म्हणाले, "आता नाही म्हणाली."

"म्हणजे पुढच्या वर्षी?"

"नाही. आता नाहीच. वर्षाच्या सुरुवातीला आला असता तर काही करता आलं असतं, म्हणाली. तेही नक्की नाही."

"मग थांबलात कशाला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. रागाने बघितलं असतं तर मला बोलता आलं असतं. म्हणाले, "ती रोज टपाल बघायची, आई." एवढं बोलून टॉवेल दोरीवर नीट पसरून गेले.

म्हणजे आता सगळं माझ्या माथी. मी 'थांब' म्हटलं, पण तुला बांधून ठेवली होती का? तू काय तान्ही आहेस? आईने सांगितलेलं बाकी काय काय ऐकलंस आयुष्यात? केस कापू नको म्हटलं, कापलेस. त्या गॅरेजवाल्याशी लग्न करू नको म्हटलं, केलंस, आणि माणूस चांगला निघाला म्हणून मी पुढे काही बोलले नाही. मग नेमकी हीच एक गोष्ट ऐकायची होती? मनातून तुलाच नको असेल. माझं नाव पुढे केलंस की झालं.

तरी आपल्या हातात काय असतं? देवाला द्यायचं असतं तर त्याने खोली बघून दिलं नसतं. असं मी सगळ्यांना सांगते, स्वतःलाही सांगते. जप करताना मात्र हल्ली मध्येच मणी चुकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

बाबा गेले, आता मी एकटी. एका माणसाला जागा ती कितीशी लागते? तू काही बोलली नाहीस, पण तुझ्या मनात असेल असं धरून चालते.

तुझी आई


१५ फेब्रुवारी

शेंडेफळास,

मी दोन कार्डं टाकली. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्यात स्पष्ट लिहिलं होतं की दादा-वहिनीने सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे असं ठरवलं आहे. मी होळीच्या, म्हणजे उन्हाळ्याच्या आत येते, खाट उजेडाच्या बाजूला टाक. त्याचं उत्तर काल आलं.

"आतल्या खोलीत यांची आई राहायला आली आहे. तिला खोली दिली."

बस. दोन वाक्यं. खाली नावही नाही.

यांची आई. जिने एकच पोर जन्माला घातलं आणि नवरा गेल्यावर लोकांच्या ओट्यावर भाजी विकून त्याला वाढवलं. तुझ्या लग्नात मी तिला विचारलं होतं, "एकावरच थांबलात? पुढे कसं?" ती म्हणाली होती, "पुढचं पुढे बघू की हो." मला हसू आलं होतं. घरी आल्यावर बाबांना म्हटलं होतं, अशी बेफिकीर बाई मी बघितली नाही. तिने कधी कुणाला सांगून ठेवलं नाही, कुणाकडून वचन घेतलं नाही. आणि खोली तिला!

मी पुढचा विचार केला, दोन वाढवली, स्वतःच्या अंगावर नवं लुगडं न घालता वाढवली, दोघांच्या मनात लहानपणापासून हे पेरलं, आणि मी बोळात. हा कुठला न्याय? कुठल्या हिशेबात बसतो? मी देवाला विचारलं. त्यालाही तुझ्यासारखीच थोडक्यात बोलायची सवय लागली असावी.

मी कार्ड वहिनीला वाचून दाखवलं. वाटलं, नणंदेला नावं ठेवील, तेवढंच बरं वाटेल. तिने पिठाचे हात झटकले आणि म्हणाली, "मग आमच्याकडेच. दुसरं काय."

वाईट नाही बोलली ती. साधंच बोलली. पण ते 'दुसरं काय' मला गिळता येईना. मी माझ्या सासूला हे शब्द कधी बोलले नव्हते. बोलायची गरजच नव्हती, ती माझ्या तोंडावर वाचत होती.

देवळात एक बाई भेटतात. त्यांनी एका संस्थेचं नाव सांगितलं आहे. म्हाताऱ्या बायकांना ठेवतात, दोन वेळा जेवण, औषध, सकाळ-संध्याकाळ भजन. पैसे घेत नाहीत. मी जाऊन बघणार आहे. तू अडवशील असं नाही, फक्त कानावर घालते.

आई


३० एप्रिल

मुली,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. ठेवू नकोस. कारण शेवटी लिहिलं आहे.

त्या संस्थेत मी दादाबरोबर गेले. जाताना गाडीत तो सारखा म्हणत होता, "आई, मी तुला जा म्हटलेलं नाही. हे तू ठरवलंस. मी म्हटलं नाही ना?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, तू कुठे काय म्हणतोस." त्याने ट्रंक उचलली होती. ती खांद्यावर घेतल्यावर तो थेट बाबांसारखा चालतो.

चुना लावलेल्या भिंती, लांबच लांब ओसरी, ओळीने खाटा, प्रत्येकीच्या उशाला एक पत्र्याचं कपाट. स्वच्छ आहे. व्यवस्थापक बाई बोलायला गोड. पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. म्हणाल्या, "आजी, इथे एकच नियम आहे. ज्यांना मूलबाळ नाही अशाच बायकांना आम्ही घेतो. संस्था काढणाऱ्या बाईंना मूल नव्हतं. त्यांनी मरताना सांगून ठेवलंय, मुलं असलेल्यांनी मुलांकडे राहावं, ही जागा ज्यांना कुणी नाही त्यांची. तुम्हाला मूलबाळ?"

देवळातल्या बाईंनी मला हे सांगितलं नव्हतं. मुलं असती तर ही विचारायला आलीच नसती, असं त्यांनी गृहीत धरलं असावं.

मी दादाकडे बघितलं. तो ट्रंकेच्या कडीशी खेळत होता. मला वाटलं, हा आता म्हणेल, चल आई, घरी. मी तेवढा वेळ दिला. बाईंनी वही पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं, पंखा फिरत होता. मी तेवढा सगळा वेळ दिला.

मग म्हटलं, "नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

आयुष्यात मी खोटं बोलत नाही हे तुला माहीत आहे. लोकांना वाटलं असेल, मला वाटलं नव्हतं. हे मात्र मी बोलले, देवाचा फोटो समोर भिंतीवर असताना बोलले, आणि जीभ अडखळली नाही.

"मग हे कोण आलेत बरोबर?"

"शेजारी."

दादाने वर बघितलं. त्या बाई त्याला म्हणाल्या, "असे शेजारी हल्ली कुठे मिळतात हो? पोटची पोरं इतकं करत नाहीत." दादा म्हणाला, "चालायचंच." ट्रंक खाटेखाली सरकवली, पायाने आणखी थोडी आत ढकलली आणि निघाला. फाटकापर्यंत गेला, परत आला. मला वाटलं, आता काही बोलेल. त्याची पाण्याची बाटली राहिली होती.

तर आता तुझ्याकडे एक काम आहे. पूर्वीही तुझ्याकडे कामंच मागितली, हे शेवटचं. या बाई चौकशी करतात म्हणे. तुमच्या लग्नातला फोटो मी ट्रंकेच्या तळाशी, कागदाखाली ठेवला आहे. तो टाकून देववला नाही. कधी कुणाच्या हाती लागला आणि त्या तुझ्यापर्यंत आल्या, तर सांग की मी तुझी कुणी नाही. एके काळी आमच्या घराखाली शिंप्याचं दुकान होतं, त्या शिंपिणीला मी ओळखते, एवढंच सांग. तुला अवघड जाणार नाही. तू खरं सांगितलंस तर मला बाहेर काढतील, आणि मग मला दादाच्या बोळात परत जावं लागेल. ते मला जमणार नाही.

तुझ्या सासूबाई कशा आहेत? त्यांना उजेडाच्या बाजूला खाट दिलीस का? मला कळवू नकोस, आपलं विचारते.

पत्र पाठवू नकोस. अगदीच राहवलं नाही आणि पाठवलंस, तर वर 'आई' म्हणून लिहू नकोस. 'आजी' लिही, ते चालेल. इथे आम्हा सगळ्या जणींना आजीच म्हणतात. नातवंड कुणालाच नाही.